कोल्हापूर ते तिरुपती: ६५७ किलोमीटर, तीन दिवस

निघण्याआधी

कोल्हापूरकरांना तिरुपतीची वाट नवीन नाही. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली, लक्ष्मी रुसून करवीरला आली आणि तिच्या शोधात निघालेला विष्णू वेंकटगिरीवर थांबला, ही कथा इथं घराघरांत सांगतात. नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून अंबाबाईला शालू येतो. दोन्ही गावं जोडणाऱ्या रेल्वेगाडीचं नाव हरिप्रिया, म्हणजे लक्ष्मीच. ती मिरज, बेळगाव, हुबळी, गदग, बळ्ळारी, गुंतकल, कडप्पा असं करत वीस तासांहून जास्त वेळ घेते. मोटारीनं बंगळूरमार्गे गेलं तर साधारण साडेआठशे किलोमीटर पडतात.

विमानाचं अंतर किती, हे घरबसल्या काढता येतं. उजळाईवाडीचा विमानतळ १६.६६ उत्तर, ७४.२९ पूर्व. तिरुपतीचा रेणिगुंटा विमानतळ १३.६३ उत्तर, ७९.५४ पूर्व. अक्षांशातला फरक ३.०३ अंश. एका अंशाचे १११ किलोमीटर धरले की ३३६ किलोमीटर होतात. रेखांशातला फरक ५.२५ अंश, पण या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश १०७ किलोमीटरच भरतो, कारण ध्रुवाकडे जाताना रेखावृत्तं जवळ येत जातात. त्याचे झाले ५६२. काटकोन त्रिकोणाचा नियम लावला की उत्तर ६५५ येतं. पृथ्वीचा गोलावा धरून केलेलं नेमकं गणित ६५७ देतं, म्हणजे ३५५ नॉटिकल मैल. कॅल्क्युलेटरवरच्या पाच मिनिटांच्या कामात दोनच किलोमीटरची चूक, ही पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

हीच रेघ नकाशावर ओढली की मजा येते. पाव अंतरावर बदामी येते. बरोबर मध्यावर बळ्ळारी येते, जिथून हरिप्रियाही जाते. पुढं अनंतपूरच्या अगदी जवळून रेघ जाते आणि हंपी तिच्या थोडी दक्षिणेला राहते. विमान या रेघेवरून तंतोतंत उडत नाही. ठरलेल्या हवाईमार्गांनी जातं आणि दोन्ही टोकांना वळणं घेतं. त्यामुळं ६५७ हा आकडा म्हणजे पायथा, प्रत्यक्ष उड्डाण त्याच्या वर तीस-साठ किलोमीटर जातं.

तिकीट काढताना एक गोष्ट आवर्जून बघा: विमान कोणतं आहे. या मार्गावर वेगवेगळ्या काळात पंख्याचं एटीआर आणि एम्ब्रायर जेट अशी दोन्ही विमानं उडालेली आहेत. एटीआरचा वेग ताशी सुमारे ५००, जेटचा सुमारे ८००. त्यामुळं एकाच अंतराला जेटचे सव्वा तास आणि एटीआरचे पावणेदोन तास होतात. वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, बदलतं. त्या आठवड्यांच्या पलीकडचं बुकिंग असेल तर निघण्यापूर्वी दिवस आणि वेळ पुन्हा तपासून घ्या. छोट्या मार्गांवर रोज विमान असेलच असं नसतं.

पहिला दिवस: कोल्हापूर ते तिरुमला

ऑगस्टचा पहिला पंधरवडा. कोल्हापुरात सकाळपासून झिमझिम, ढग पार खाली आलेले. शहरातून उजळाईवाडी नऊ किलोमीटर. एरवी वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, पण पावसात महामार्गावर चढताना खोळंबा होतो, म्हणून पाऊण तास हाताशी ठेवलेला बरा. इथल्या धावपट्टीचा इतिहास छत्रपती राजाराम महाराजांच्या काळापर्यंत जातो. मात्र १० मार्च २०२४ ला उद्घाटन झालेली नवी टर्मिनल इमारत आल्यापासून आत बसायला ऐसपैस जागा झाली आहे.

काउंटर साधारणपणे तासभर आधी बंद होतं आणि गेट २५ मिनिटं आधी. छोट्या विमानतळावर रांग छोटी असते म्हणून लोक उशिरा येतात, आणि नेमकं नारळापाशी अडतात. देवाला म्हणून घरून घेतलेला अख्खा नारळ केबिनमध्ये चालत नाही. सुकं खोबरं तर चेक-इन सामानातही चालत नाही, कारण त्यातल्या तेलामुळं ते पेट घेऊ शकतं. पॉवर बँकेचा नियम उलटा: ती केबिनमध्येच हवी, चेक-इनमध्ये टाकलीत तर बॅग उघडायला बोलावणं येतं. नारळ तिरुपतीत मिळतो, तो तिथंच घ्या.

रांगेत पुढं कागलकडच्या एक आजी होत्या. आयुष्यात तिरुपतीला चौथ्यांदा निघालेल्या आणि विमानात पहिल्यांदाच बसणार. नातवानं खिडकी दिलेली. पिशवीत डबा होता: चपाती, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याचं सुकं. कोरडा डबा तपासणीतून बिनबोभाट जातो. रस्सा, ताक, पातळ लोणचं मात्र अडकतं.

विमान पन्नास आसनांचं जेट होतं. त्यात डावीकडं एकेक आसन आणि उजवीकडं दोन-दोन. वरचे सामानाचे कप्पे फक्त उजवीकडं, तेही अरुंद. मोठ्या विमानात सहज मावणारी चाकांची बॅग इथं मावत नाही, ती शिडीपाशीच काढून घेतात आणि उतरल्यावर परत देतात. औषधं, कागद आणि दर्शनाची तिकिटं म्हणूनच खांद्याच्या छोट्या पिशवीत हवीत. इंजिनं शेपटीजवळ असतात. आवाजाचा त्रास होत असेल तर पुढची आसनं मागून घ्या.

आता वेळेचा हिशेब. वेळापत्रकात छापलेली वेळ उड्डाणाची नसते. चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पलीकडं पुन्हा ठोकळे लावेपर्यंतची ती वेळ असते. धावपट्टीला समांतर टॅक्सी-वे नसला तर विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जाऊन तिथं वळावं लागतं. अशा ठिकाणी उडण्यापूर्वीच सात-आठ मिनिटं जातात. पाऊस असेल तर वैमानिक जमिनीवर आणखी थोडा वेळ काढतो.

कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५, म्हणजे तिची टोकं ७० आणि २५० अंशांना. तिरुपतीची ०८/२६. दोन्ही जवळपास एकाच दिशेच्या. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि वाऱ्याला तोंड देऊनच उतरतं. ऑगस्टमध्ये जमिनीलगतचा वारा पश्चिमेचा असतो. म्हणून तिरुपती आग्नेयेला, १२० अंशांवर असूनही विमान पश्चिमेला तोंड करून उडालं. उजव्या खिडकीतून ढगांच्या फटीत कोल्हापूर शहर आणि पलीकडं पन्हाळ्याची बाजू क्षणभर दिसली. मग डावीकडं १३० अंशांचं लांब वळण. या वळणात तीन-चार मिनिटं जातात आणि तिरुपती एक किलोमीटरही जवळ येत नाही.

उंचीचा क्रम ठरलेला आहे. पूर्वेकडं जाणारी विमानं विषम पातळीवर, पश्चिमेकडं जाणारी सम पातळीवर. जाताना ३१ हजार फूट, येताना ३० किंवा ३२. समोरासमोर येणाऱ्यांत हजार फुटांचं अंतर राहावं म्हणून हा नियम.

ढगांच्या वर आल्यावर वाटतं, आता वारा पाठीशी असेल. पावसाळ्यात इथंच फसायला होतं. जमिनीवर पश्चिमेचा वारा असताना दक्षिण भारताच्या वर, खूप उंचावर, पूर्वेकडून पश्चिमेकडं जोरदार प्रवाह वाहत असतो. पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये त्याचं वर्णन मांडलं. त्याचा मुख्य गाभा विमानांच्याही वर असतो, पण ३० हजार फुटांवरही तो जाणवतो. पूर्वेचा वारा ताशी ७५ किलोमीटर धरला, तर १२० अंशांच्या वाटेवर त्यातले ६५ तोंडावर येतात. ८०० च्या वेगाचे ७३५ होतात. परतताना तेच ८६५. साडेसहाशे किलोमीटरच्या या छोट्या प्रवासात वारा नसतानाच्या मानानं फरक चारेक मिनिटांचाच पडतो, पण पडतो. एटीआर १७-२० हजार फुटांवरून जातं. पावसाळ्यात त्या उंचीवर वारे मंद असतात, त्यामुळं त्याला हा फरक फारसा भोगावा लागत नाही.

बदामीच्या आसपासपर्यंत खाली पांढरा कापूस. गदगच्या पुढं ढग फाटायला लागले. उजवीकडं तुंगभद्रेचा जलाशय चकाकला आणि तिथून जमिनीचा रंग बदलत गेला: हिरवा, मग पोपटी, मग तांबूस. अनंतपूर देशातल्या अतिकोरड्या जिल्ह्यांपैकी एक. पश्चिम घाटाआडची पर्जन्यछाया पुस्तकात वाचलेली असते, इथं ती अर्ध्या तासात खिडकीतून सरकत जाते. या मार्गावर जाताना उजवी बाजू घ्या. सकाळच्या विमानात ऊन डावीकडून येतं, आणि हंपी-तुंगभद्रेचा पट्टाही उजवीकडंच आहे.

उतरण कुठं सुरू होते याचा साधा ठोकताळा आहे. हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. ३१ हजारांना ९३ मैल, म्हणजे सुमारे १७० किलोमीटर. नकाशावर ती जागा पुलिवेंदुलाच्या जवळपास येते. कान दडपायला तिथूनच लागतात. लहान मुलांना या वेळी झोपू देऊ नका, काहीतरी चघळायला द्या. झोपेत गिळणं कमी होतं आणि मुलं रडत उठतात.

शेषाचलमचे डोंगर आले, रेणिगुंटा खाली दिसलं, आणि विमान ते ओलांडून पुढं श्रीकाळहस्तीच्या बाजूला गेलं. कारण तोच: पश्चिमेचा वारा, म्हणून पूर्वेकडून येऊन २६ वर उतरायचं. आणखी पाच-सहा मिनिटं. चाकं टेकली तेव्हा हवेत ६२ मिनिटं झाली होती आणि ठोकळे ते ठोकळे ७५. आजींनी बाहेर बघून विचारलं, "आलं बी? हरिप्रियात एवढ्यात बेळगाव बी येत न्हाई."

दार उघडलं आणि उष्ण हवेचा लोट आत आला. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०९ मीटरवर, तिरुपतीचा शंभराच्या थोडा वर. उंचीतल्या फरकानं तीनच अंश वाढतात, बाकीची करामत पावसाची. तिरुपतीचा खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर. ऑगस्टमध्ये कोल्हापुरातून स्वेटर घालून निघालात तर तो विमानातच काढून ठेवा.

२२ ऑक्टोबर २०१५ ला सुरू झालेल्या इथल्या टर्मिनलचं नाव गरुड. बाहेर टॅक्सी मिळते. तिरुपती गाव १५ किलोमीटर, बालाजीचं देऊळ असलेलं तिरुमला, डोंगर धरून, साधारण ४०. टॅक्सी ठरवताना 'तिरुपती' की 'तिरुमला' हे स्पष्ट सांगा. दोन्ही नावं एकच समजून बसलेल्यांचा डोंगराच्या पायथ्याशी, अलिपिरीच्या नाक्यावर, वाद होतो. गावातून एपीएसआरटीसीच्या, म्हणजे आंध्रच्या एसटीच्या, सप्तगिरी बसही सतत असतात.

अलिपिरीला सगळ्यांना उतरून सामान तपासून घ्यावं लागतं. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या वर चालत नाहीत, स्टीलची न्या. चढायचा रस्ता वेगळा, उतरायचा वेगळा. घाटात किमान वेळेचं बंधन आहे आणि उतरताना ते जास्त, कारण अपघात उतारावर होतात. चालक तेलुगू-हिंदी मिसळून हे सांगत होता आणि घड्याळाकडं बघत शेवटच्या वळणाआधी गाडी सावकाश करत होता. वेळेआधी पोचलात तर दंड चालकाला पडतो. त्याला घाई करायला लावू नका.

संध्याकाळी आणखी एक गंमत. घड्याळ तेच, पण अंधार लवकर पडला. सव्वापाच अंश पूर्वेला आल्यामुळं आणि थोडं दक्षिणेला उतरल्यामुळं या दिवसांत तिरुपतीचा सूर्यास्त कोल्हापूरच्या २५ मिनिटं आधी होतो.

दारापासून दारापर्यंत असा हिशेब झाला: घर ते विमानतळ पाऊण तास, विमानतळावर दीड, विमान सव्वा, सामान आणि टॅक्सी वीस मिनिटं, घाटासकट रस्ता दीड तास. एकूण पाच तास वीस मिनिटं. त्यातलं हवेतलं जेमतेम एक तास. तरीही रात्र वाचली आणि आजी ताज्यातवान्या होत्या.

दुसरा दिवस: तिरुमला

तिरुमला ८५३ मीटरवर, म्हणजे कोल्हापूरपेक्षाही उंच. पहाटे हवा गार, अंगावर काहीतरी लागतं. काल काढलेला स्वेटर इथं कामाला येतो.

३०० रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन ऑनलाइन घ्यावं लागतं आणि महिन्याचा कोटा साधारण तीन महिने आधी खुला होतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी दर्शन, मग विमान, मग खोली. उलटा क्रम धरणारे विमानाचं स्वस्त तिकीट घेऊन बसतात आणि दर्शनाची वेळ परतीच्या विमानाच्या दिवशी पडते. तिकिटावर जो आधार क्रमांक, तेच कार्ड बरोबर हवं. पुरुषांना धोतर-उपरणं किंवा कुर्ता-पायजमा, बायकांना साडी किंवा ओढणीसह चुडीदार. जीन्सवर परत पाठवतात. मोबाइल आत चालत नाही, तो जमा करायचा. पावती सांभाळा, आणि एकमेकांना शोधायची जागा आधीच ठरवून ठेवा. बाहेर आल्यावर माणसं हरवतात ती फोन जमा असल्यामुळंच.

वेळ दोन-तीन तास धरावी, शनिवारी आणि सुट्ट्यांना बरीच जास्त. मंगळवार-बुधवार त्यातल्या त्यात बरे. ज्यांना पायी चढायचं आहे त्यांच्यासाठी अलिपिरीच्या ३,५५० पायऱ्या आहेत. पण ज्या दिवशी विमानातून उतरलात त्याच दिवशी चढू नका. डोंगरावर फिरायला देवस्थानाच्या धर्मरथम बस फुकट आहेत.

दुपारी मातृश्री तरिगोंडा वेंगमांबा अन्नप्रसाद केंद्रात जेवण. केळीच्या पानावर भात, सांबार, रस्सम, चटणी, गोड पोंगल. वाढणारे पळत येतात आणि पान रिकामं राहू देत नाहीत. सांबारला आपल्या आमटीसारखा गूळ नाही, चिंचेचा आंबटपणा पुढं. रस्सम भातावर घेऊन पुन्हा वाटीतूनही घ्यावं, इतकं चांगलं होतं. शेजारी बसलेल्या गुंटूरकडच्या आजोबांना कोल्हापूर म्हटल्यावर लगेच ओळख पटली. "लक्ष्मी अम्मवारू," म्हणाले आणि हात जोडले. इकडच्या अनेकांच्या मनात बालाजीनंतर कोल्हापूरला जाऊन यायचं असतंच.

लाडवांचा हिशेबही विमानाशी बांधलेला आहे. नेहमीचा लाडू सुमारे १७५ ग्रॅम. दहा लाडू म्हणजे पावणेदोन किलो. केबिनची मर्यादा साधारण सात किलो, आणि लाडू केबिनमध्ये चालतात, म्हणून ते हातातच ठेवा. चेक-इनमध्ये घातले की चुरा होऊन निघतो. जाताना घरून एक रिकामा पत्र्याचा डबा नेला तर तळाशी कागद घालून वीस लाडू अखंड येतात. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र तुपाला वास लागतो.

तिसरा दिवस: तिरुचानूर आणि परत

तिरुपती गावापासून पाच किलोमीटरवर तिरुचानूर, पद्मावतीचं देऊळ. विमानतळाच्याच बाजूला असल्यामुळं परतीच्या दिवशी ते ठेवणं सोयीचं. मात्र विमानाच्या आधी निदान चार तास मोकळे हवेत.

परतीचं गणित आपल्या बाजूचं होतं. २६ वरून पश्चिमेला उडालं की कोल्हापूरची दिशा ३०० अंश, म्हणजे जेमतेम चाळीस अंशांचं उजवं वळण. वर गेल्यावर वारा पाठीशी. उतरताना आग्नेयेकडून येऊन २५ ला लागायचं, तिथंही थोडंसंच वळण. जाताना दोन्ही टोकांना गेलेली मिनिटं येताना दोन्ही टोकांना वाचतात. हिवाळ्यात जमिनीवर पूर्वेचा वारा असला की सगळं उलटतं आणि जाताना विमान सरळ उडून सरळ उतरतं. त्यामुळं 'कोल्हापूर-तिरुपती किती वेळ' याचं उत्तर महिना आणि दिशा विचारल्याशिवाय देऊ नये.

बळ्ळारीपर्यंत ऊन होतं. बेळगावच्या बाजूला ढगांची भिंत दिसायला लागली. पावसाळ्यात कोल्हापूरला उतरताना एक अडचण ठरलेली असते. वैमानिकाला ठरावीक किमान उंचीपर्यंत उतरायची मुभा असते. तिथं धावपट्टी दिसली तरच पुढं जायचं, नाहीतर पुन्हा वर. ढगांचा तळ त्या उंचीच्या खाली असला की घिरट्या घालाव्या लागतात. घिरटीचा एक फेरा साधारण चार मिनिटांचा: एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा सरळ, पुन्हा वळण. त्या दिवशी तीन फेरे झाले. बारा मिनिटं. वाऱ्यानं दिलेली चारेक आणि वळणांत वाचलेली सात-आठ तिथंच संपली.

ढग उठलेच नाहीत तर विमान दुसऱ्या विमानतळाकडं वळवतात. पावसाळी महिन्यांत पुढची गाठ म्हणूनच त्याच दिवशी बांधू नका. सकाळी लवकरच्या विमानापेक्षा दुपारचं बरं, कारण दिवस तापला की ढगांचा तळ बराचसा वर सरकतो. अडीच तासांपर्यंतच्या विमानाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर चहा-नाश्ता देणं कंपनीवर बंधनकारक आहे, सहा तासांवर उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत मागता येतात. हवामानामुळं रद्द झालं तर वेगळी भरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे मागता येतातच. काउंटरवर शांतपणे लेखी मागा.

चौथ्या वेळी ढगांत फट मिळाली. खाली अचानक ओली धावपट्टी आली आणि चाकं टेकली. हवेत ६६ मिनिटं. बाहेर झिमझिम तशीच होती. आजींच्या नातवानं पत्र्याचा डबा छातीशी धरला होता. त्यांची रिक्षा कागलकडं वळली नाही, आधी शहरात गेली. अंबाबाईच्या शेजारतीला अजून वेळ होता आणि पहिला लाडू तिथं ठेवायचा होता.